डोंगर, घड्याळ आणि भाड्याच्या सायकलची वही

माउंटन बाइक कुणी शोधून काढली, असं कुठल्याही सायकलवेड्या माणसाला विचारा. उत्तर ठरलेलं आहे: कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीमधल्या केस वाढवलेल्या काही पोरांनी, १९७०च्या दशकात. पुस्तकांत हेच आहे, माहितीपटांत हेच आहे, आणि आमच्या शनिवार-रविवारच्या सायकल ग्रुपमध्येही चहा पिताना हेच सांगितलं जातं. मीसुद्धा बरीच वर्षं हेच सांगत होतो.

पण मी मूळचा बोरीचा. बोरी म्हणजे परभणी-जिंतूर रस्त्यावरचं आमचं गाव. (मुंबई-पुणे रस्त्यावरच्या बोर घाटाशी आमच्या बोरीचा काही संबंध नाही, पण तो घाट या लेखात पुढे येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो :) ) अजिंठ्याच्या डोंगररांगेचे शेवटचे फाटे आमच्या जिंतूर तालुक्यात उतरतात. खाली सगळी काळी माती. ज्याने पावसाळ्यात काळ्या मातीतून सायकल नेली आहे, त्याला "रस्ता सोडून सायकल चालवण्याचा शोध अमुक साली अमुक ठिकाणी लागला" हे वाक्य जरा विचित्रच वाटतं. आमच्याकडे मुळात रस्ता होताच कुठे, की तो सोडून जायचं?

तर मग त्या पोरांनी नक्की शोधलं काय? आजचा लेख त्यावर आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. मरिन काउंटीच्या कितीतरी आधी लोक डोंगरातून, चिखलातून, दगडधोंड्यांतून सायकली चालवत होते. १८९७ साली अमेरिकन सैन्याच्या २५व्या पायदळ रेजिमेंटमधले वीस कृष्णवर्णीय सैनिक माँटाना राज्यातल्या मिझूलापासून सेंट लुईसपर्यंत सायकलवर गेले. लेफ्टनंट जेम्स मॉस हा त्यांचा अधिकारी. साधारण ३,००० किलोमीटर अंतर, ४१ दिवस, मध्ये रॉकी पर्वत, आणि सायकलवर तंबू, शिधा आणि बंदूक. सैन्याला बघायचं होतं की घोड्याच्या जागी सायकल चालेल का. (घोड्याला दाणापाणी लागतं, सायकलला नाही, हा हिशोब आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही पटला असता.) प्रयोग यशस्वी झाला, पण पुढे कुणी नेला नाही.

मग १९५१ ते १९५६ या काळात पॅरिसच्या बाहेर वीसेक फ्रेंच तरुणांचा एक क्लब होता. ते आपल्या सायकलींमध्ये बदल करून खाचखळग्यांतून, मातीच्या उंचवट्यांवरून शर्यती खेळायचे. आजच्या माउंटन बायकिंगच्या बरंच जवळ जाणारा प्रकार. १९५५ साली इंग्लंडमध्ये 'रफ स्टफ फेलोशिप' नावाची मंडळी एकत्र आली. डांबरी रस्ता सोडून पायवाटांनी सायकली न्यायच्या, गरज पडली तर खांद्यावर घ्यायच्या, हा त्यांचा छंद. ही संस्था आजही आहे.

म्हणजे डोंगर होता, सायकल होती, माणसंही होती. तरी यातल्या कशातूनच जगभर पसरलेला खेळ उभा राहिला नाही. तो उभा राहिला एका उतारावरून, त्याचं नाव 'रीपॅक'.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला फेअरफॅक्स नावाचं गाव आहे. त्याच्या जवळच्या डोंगरावरून वणवा विझवणाऱ्यांच्या गाड्यांसाठी केलेला एक कच्चा रस्ता खाली येतो. लांबी ३.४ किलोमीटरच्या आसपास आणि तेवढ्यात उतार साधारण ४०० मीटरचा. थोडक्यात सांगायचं तर, खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत आपण जितकं चढतो, त्यातला बराचसा भाग एका सरळसोट मातीच्या वाटेवर कोंबला तर जे होईल ते. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ वगैरे मंडळी १९३०-४०च्या दशकातल्या जुन्या श्विन कंपनीच्या सायकली भंगारातून उचलायची. जाड टायर, भक्कम फ्रेम, एकच गिअर. या सायकलींना ते 'क्लंकर' म्हणायचे, म्हणजे आपल्या भाषेत 'खटारा'.

या खटाऱ्यांना मागच्या चाकाच्या तुंब्यातच ब्रेक असे. पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागायचा. सपाट रस्त्यावर ठीक आहे, पण ४०० मीटर उतारावर तो ब्रेक इतका तापायचा की तुंब्यातल्या ग्रीसचा धूर व्हायचा. खाली पोचल्यावर तुंबा उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागे. 'पुन्हा भरणे' म्हणजे रीपॅक. त्या उताराचं नाव असं एका दुरुस्तीच्या कामावरून पडलं. इंजिनियर माणसाला असलं नाव ऐकून बरं वाटतं.

आता मुद्दा. सगळ्यात वेगवान कोण यावरून या पोरांत वाद व्हायचे. सगळे एकदम सुटले तर त्या अरुंद वाटेवर कोण आधी पोचलं यापेक्षा कोण आधी पडलं हेच कळणार. म्हणून २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी ठरवलं की एकेकाने दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुटायचं आणि प्रत्येकाची वेळ घ्यायची. घड्याळं कुठली? एक जुनं आरमारी घड्याळ आणि एक अलार्मचं घड्याळ! पहिली शर्यत ॲलन बाँड्सने जिंकली, कारण न पडता खाली पोचणारा तो एकटाच होता. चार्ली केलीने प्रत्येकाचं नाव आणि वेळ वहीत लिहून ठेवली. आणि पुढच्या वेळेसही लिहिली. आणि त्याच्या पुढच्याही.

१९७६ ते १९७९ आणि मग १९८३-८४, अशा मिळून तिथे चोवीसेक शर्यती झाल्या. आज पन्नास वर्षांनीसुद्धा आपल्याला माहीत आहे की त्या उतारावरची सर्वोत्तम वेळ गॅरी फिशरची, ४ मिनिटं २२ सेकंद. सगळ्यात जास्त शर्यती जो ब्रीझने जिंकल्या. आणि बायकांमध्ये सर्वोत्तम वेळ वेंडी क्रॅगची, ५ मिनिटं २७ सेकंद. त्या टोळक्यात नियमित सायकल चालवणारी ती जवळजवळ एकटीच बाई. शिवाय तिच्याकडे कॅमेरा होता, त्यामुळे त्या काळाचे जे फोटो आपण बघतो त्यातले कितीतरी तिचेच.

वेळ लिहिली की काय होतं बघा. पुढच्या आठवड्यात ती मोडायची असते. मोडायची तर सायकल सुधारावी लागते. कुणी गिअर बसवले, कुणी मोटरसायकलचे ब्रेकचे दांडे लावले, कुणी रुंद हँडल. सुधारणा खरंच उपयोगी आहे की नुसतीच हौस, हे वही सांगायची. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला लॉग बघून ठरवणं म्हणतो, तेच हे. १९७७ साली जो ब्रीझने याच कामासाठी नव्याने फ्रेम बांधली. १९७९ साली फिशर आणि केलीने टॉम रिचीच्या फ्रेम वापरून 'माउंटनबाइक्स' नावाने छोटा धंदा सुरू केला. ते नाव त्यांच्या एकट्याच्या मालकीचं राहिलं नाही, सगळ्या जगाचं झालं. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टंपजंपर' आली आणि कारखान्यात घाऊक प्रमाणात माउंटन बाइक बनू लागली. केलीने त्या काळात 'फॅट टायर फ्लायर' नावाचं मासिकही चालवलं. १९९० साली कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ साली अटलांटात खेळ थेट ऑलिंपिकमध्ये. तिथे पुरुषांत नेदरलँड्सचा बार्ट ब्रेंटियन्स आणि महिलांत इटलीची पाओला पेत्सो जिंकली. एका कच्च्या उतारापासून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षं!

म्हणून मला वाटतं, त्या पोरांनी शोधलं ते डोंगरात सायकल चालवणं नव्हे. त्यांनी डोंगरात घड्याळ आणि वही नेली.

आता आपल्याकडे येऊ. घाट आणि सायकल म्हटलं की मराठी माणसाला आठवते मुंबई-पुणे सायकल शर्यत. ती सुरू झाली १९४५ साली. रस्ता डांबरी, त्यामुळे ही माउंटन बाइकची शर्यत नव्हेच, पण मध्ये बोर घाट आडवा येतो. सातवाहनांच्या काळापासून कोकणातली बंदरं आणि देश यांना जोडणारी वाट याच भागातून वर चढते. कार्ले-भाज्याची लेणी उगीच तिथे नाहीत. गाड्या जातील असा रस्ता या घाटात झाला १८३० साली, जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना. १८६३ साली रेल्वे घाट चढली. आणि ऐंशी-बयांशी वर्षांनी सायकलवाले तिथे शर्यत खेळू लागले. खोपोलीहून खंडाळ्याला जवळजवळ ५०० मीटर चढावं लागतं. शर्यत कोणीही जिंको, या चढावर पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा वेगळा किताब देण्याची पद्धत पडली. मला हा किताब फार आवडतो. पुण्यात पहिलं कोण आलं हे विसरणारे लोकही घाटाचा राजा कोण होता हे सांगतात. मधली काही वर्षं शर्यत बंद पडली, पुन्हा सुरू झाली, पण मुंबई-पुणे म्हटलं की अजूनही जुन्या माणसांचे डोळे चमकतात. का? कारण निकाल पेपरात छापून आला. कुणाच्या तरी घरी ते कात्रण आहे.

त्याच्याही आधी, १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण जगप्रवासाला सायकलवर निघाले. त्यातल्या अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी तो पुरा केला. मार्च १९२८ मध्ये परत आले तेव्हा ७१,००० किलोमीटरच्या आसपास अंतर झालं होतं, त्यात इराण-इराकचा वाळवंटी भागही आला. तिघांनी १९३१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. अहो, लिहिलं म्हणून तर आज मी त्यांची नावं टाइप करू शकतोय!

आता आमची बोरी. १९४५ साली मुंबई-पुणे शर्यत सुरू झाली तेव्हा बोरी ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतीच, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. सप्टेंबर १९४८ पर्यंत. त्या काळी सायकल म्हणजे विलायतेहून आलेली रॅले नाहीतर बी.एस.ए., आणि ती एखाद्याच बड्या माणसाकडे. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे कारखाने निघाले. मद्रासला टी.आय.ची हर्क्युलिस, सोनीपतला १९५१ साली ॲटलस, लुधियानाला १९५६ साली हिरो. मग हळूहळू सायकल खेड्यात आली. दुधाच्या किटल्या, पोस्टाची थैली, कडब्याची पेंढी, पाठीमागे बायको आणि नळीवर पोरगं, सगळं त्या वीस-बावीस किलोच्या लोखंडी सायकलवर.

काळ्या मातीत पावसाळ्यात चाक दहा पावलं गेलं की मडगार्ड आणि टायरच्या मध्ये चिखल भरतो आणि चाक अडकतं. काडीने उकरा, पुन्हा दहा पावलं. म्हणून आमच्याकडचे लोक पावसाळा आला की सरळ मडगार्ड काढून ठेवायचे. आज माउंटन बाइकच्या जाहिरातीत टायर आणि फ्रेममध्ये जास्त जागा सोडल्याचं मोठ्या कौतुकाने सांगतात. तोच प्रश्न, तेच उत्तर. फक्त आमच्या उत्तराला पाना पुरायचा.

आणि वही? वही होती की! प्रत्येक गावात भाड्याने सायकल देणारं एक दुकान असायचं, बोरीतही होतं. तासावर सायकल. दुकानदाराकडे लांबुळकी वही: नाव, सायकलचा नंबर, नेली किती वाजता, आणली किती वाजता. भिंतीवर घड्याळ. तासाच्या वर पाच मिनिटं झाली की दुसऱ्या तासाचे पैसे. म्हणजे चार्ली केली जे करत होता, बरोबर तेच काम आमच्याकडचा दुकानदार त्याच वर्षांत करत होता. फक्त शर्यतीसाठी नाही, भाड्यासाठी.

हे मला कळलं माझ्या आत्याकडून. मागच्या दिवाळीला गावी गेलो तेव्हा माझी नवीन सायकल बघून ती म्हणाली, "याला ब्रेक चांगले दिसतात रे." मी विचारलं, तुला गं काय माहीत सायकलीचं? तर गोष्ट बाहेर आली. १९८०च्या आसपासची. आत्या तेव्हा शाळेत होती. आजोबा शेतात, आणि दुपारची भाकरी पोचवायचं काम तिच्याकडे. चालत गेलं तर सगळी दुपार जायची. मग ती भाड्याची सायकल घ्यायची. पायडलला पाय पुरत नसताना कैची मारत शिकलेली, आता डबा हँडलला आणि बैलगाडीच्या चाकोरीतून शेत. चाकोरी म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या दोन खोल रेघा. त्यात सायकलचं चाक गेलं की बाहेर काढता येत नाही, हँडल वळवलं की आडवे. "मधल्या गवताच्या पट्टीवरून जायचं," आत्या म्हणाली, "नाहीतर चाकोरी धरली तर शेवटपर्यंत धरायची." माउंटन बाइक शिकवणारे हल्ली हेच शिकवायचे पैसे घेतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तासाच्या आत परत. दुसऱ्या तासाचे पैसे घरून मिळत नसत. शेतावर डबा दिला, पाणी प्यायली की लगेच माघारी.

मी उत्साहाने म्हटलं, म्हणजे त्या वहीत तुझ्या सगळ्या वेळा असतील! तर ती हसली.

"वहीत नाव दादाचं असायचं. पोरीला भाड्यानं सायकल दिली म्हणून त्या दुकानदाराला चार लोकांनी नावं ठेवली असती ना. तो लिहायचा दादाचं नाव, आणि सायकल न्यायची मी."

दादा म्हणजे माझे काका. ते शेजारीच बसले होते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मला तर बारावी होईस्तोवर नीट येतही नव्हती सायकल."

त्या वह्या आता नाहीत. लोकांकडे आधी स्वतःच्या सायकली आल्या, मग मोटरसायकली. भाड्याचं दुकान बंद झालं, वह्या रद्दीत गेल्या. आणि समजा एखादी सापडली असती तरी? मी काकांच्या नावापुढच्या वेळा बघून म्हटलं असतं, वा, आमचे काका काय चालवायचे!

हा मुद्दा माझ्या डोक्यात राहिला. म्हणजे नोंद असणं पुरेसं नाही, ती बरोबर माणसाच्या नावावर असायला पाहिजे. वेंडी क्रॅगची वेळ आज माहीत आहे कारण केलीने तिच्या नावापुढे तिचीच वेळ लिहिली. एवढंसं काम. पण नसतं केलं तर?

यंदाच्या हिवाळ्यात मी मुळशीच्या बाजूला एका हौशी माउंटन बाइक शर्यतीत भाग घेतला. शनिवारी दुपारी पुण्यातून निघालो, रात्री एका मंगल कार्यालयात सतरंजीवर झोपलो, रविवारी पहाटे सहाला सुरुवात. सायकलच्या नंबर प्लेटमागे एक चिप चिकटवलेली. रेघ ओलांडली की खालच्या पट्टीला कळतं आणि वेळ आपोआप नोंदली जाते. नंबर प्लेटवर माझं नाव छापलेलं, स्पेलिंगसकट बरोबर. २२ किलोमीटर, २ तास ५ मिनिटं. दुसऱ्या चढावर शाळेत जाणाऱ्या वयाची एक मुलगी मला मागे टाकून गेली, तेही "काका, उजवीकडून येते" असं सांगून. (काका! असो.) तिच्याही प्लेटवर तिचं नाव होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या वेळा मोबाइलवर आल्या, तिची माझ्यापेक्षा अकरा मिनिटांनी कमी.

परिस्थिती बदलली आहे हे खरं. शिमल्याला २००५ पासून हिमालयातली माउंटन बाइक शर्यत सुरू झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई माउंटन बाइक स्पर्धा केरळात पोनमुडीच्या डोंगरात झाली. आपल्याकडची संगमनेरची प्रणिता सोमण हिने राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धांत नाव काढलं. त्या मुळशीच्या मुलीला आज विचारलं तर तिला कुणाच्या तरी नावाने सायकल न्यावी लागत नाही.

घरी येऊन मी एक हिशोब केला. नकाशावर बोरी ते आमचं शेत जाऊन-येऊन ११ किलोमीटर भरतं. तासाच्या आत म्हणजे ५५ मिनिटं धरू, त्यात शेतावर पाच मिनिटं. उरली ५० मिनिटं. ताशी १३ किलोमीटर. माझा शर्यतीतला वेग ताशी साडेदहा. माझ्याकडे चढ होता, तिच्याकडे नव्हता, हे मान्य. पण माझ्याकडे गिअर होते, शॉकअप होते, हेल्मेट होतं. तिच्याकडे बावीस किलोचं लोखंड, पुरुषी उंचीची सीट आणि हँडलला डबा.

फोन करून आत्याला हा आकडा सांगितला. तिला वेगाचं काही वाटलं नाही. म्हणाली, "डबा कधी सांडला नाही, ते लिही."

तर लिहितो. बोरी ते शेत आणि परत, ११ किलोमीटर, गाडीवाट, १९८०च्या आसपास. सायकल भाड्याची, गिअर नाही. वेळ तासाच्या आत. डबा सांडला नाही. चालक: माझी आत्या. तिचं नाव मात्र टाकत नाही. "इंटरनेटवर नको बाबा," असं तिने बजावलं आहे. "आणि यावेळी दादाचंही नको टाकूस."

तुमच्या घरातही अशी एखादी आत्या, मावशी, काका असतील. पुढच्या खेपेला गावी गेलात की विचारून घ्या, आणि कुठेतरी लिहून ठेवा. तारीख नाही आठवली तरी चालेल, नाव तेवढं ज्याचं त्याचं लिहा.